पोट एकाएकी साफ होईनासं झालं तर: कारण कुठे शोधायचं आणि कधी थांबायचं नाही

मेडिकल_चौक
मे महिना लागला की नागपूरकरांच्या गटात एक प्रश्न हमखास येतो: "चार दिवस झाले, पोट साफ नाही, काय घेऊ?" खाली ढीगभर उत्तरं येतात, सगळी औषधांची. कारण कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता वेगळी आणि परवापर्यंत सुरळीत चाललेलं पोट अचानक अडणं वेगळं. अचानक अडलं तर बहुतेक वेळा मागच्या दोन-तीन आठवड्यांत काहीतरी बदललेलं असतं. ते नेमकं काय, हे शोधताना कुठे कुठे बघायचं? आणि किती दिवस घरी थांबलेलं चालतं? औषध दुकानातले, वॉर्डातले, आहाराचं काम करणारे बरेच जण इथे आहेत. मात्रेसकट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

नवतपा
उन्हापासूनच सुरू करतो. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. ४५ अंशांच्या उन्हात घामावाटे पाणी गेलं आणि भरून निघालं नाही, तर आतडं मळातलं पाणी जास्त ओढतं आणि खडे होतात. कूलरसमोर बसणाऱ्याला तहान कमी जाणवते, म्हणून तहानेवर विसंबू नका. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद असेल आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकदाच झाली असेल तर कमी पडतंय. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्या, दुपारी एकदम तांब्याभर नको. मठ्ठा, आंबील, पन्हं सगळं मोजणीत धरा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं तेवढंच पाणी घ्यावं.

जवसाची_चटणी
नवतपा भाऊ, पाणी कमी असेल तर तुमचं खरं. पण ज्याचं पाणी आधीच पुरेसं आहे, त्याने वर दोन लिटर प्यायलं तर फक्त लघवी वाढते. पाणी मळात धरून ठेवायला चोथा लागतो, आणि उन्हाळ्यात नेमका तोच ताटातून जातो. भाकरी गरम पडते म्हणून बंद होते, दहीभात सुरू होतो. वर लग्नसराई: पुऱ्या, नान, पनीर, गोड. आठवडाभर हेच चाललं तर पोट अडणारच.

हिशोब असा. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, हवेत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम असतात, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत तेवढे मिळतात. जवस तर आपल्या वऱ्हाडी घरात असतोच. २० ग्रॅम जवसात ५ ग्रॅमच्या वर तंतू. पण चटणी करताना नीट भाजून कुटा, अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा फोडी पातळ सालीसकट खा. अख्खी डाळ, चवळी, गवार, मेथी हे तर आहेच.

एक चूक फार होते: एका दिवसात सगळं वाढवणं. पोट फुगतं, कळा येतात आणि माणूस भाकरीलाच नावं ठेवतो. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

सावजी_वाचवा
सावजीवर आळ येऊ देऊ नका बाप्पा!

जवसाची_चटणी
नाही जी, तिखटाने पोट अडत नाही. ताटात मटण, रस्सा, भात आणि भाजीचा पत्ता नाही, अडचण तिथे आहे. सोबत भाकरी, कांदा, काकडी घ्या आणि खुशाल जेवा. मात्र गुदद्वाराला चीर पडलेली असेल तर तिखट आग करतं. ती बरी होईपर्यंत रस्सा जरा लांब ठेवा.

इतवारी_केमिस्ट
मला इथे थोडं सविस्तर लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त निसटणारं कारण म्हणजे नवीन सुरू झालेली गोळी. "पोट साफ होण्यासाठी काहीतरी द्या" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा हवा: गेल्या महिन्यात कोणतं औषध सुरू झालं, किंवा कशाची मात्रा वाढली?

लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम कार्बोनेट सगळ्यांना माहीत असतं. लोहाने मळ काळपट-हिरवा होतो, त्याला घाबरू नका. पण काळाकुळकुळीत, चिकट आणि उग्र वासाचा मळ म्हणजे वरच्या पोटात रक्तस्राव असू शकतो. तो थेट दवाखान्याचा विषय. अ‍ॅल्युमिनियम असलेली अँटासिड पोट बांधतात. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन आतड्याची हालचालच मंदावतात. मग चार गोळ्या अशा, ज्यांच्याकडे लक्षच जात नाही: सर्दीतलं क्लोरफेनिरामीन, पोटातल्या कळेसाठी घेतलेलं डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन. एकेकटी बहुतेकांना सोसते. म्हाताऱ्या माणसाच्या डब्यात यातल्या दोन-तीन एकत्र आल्या की पोट ठप्प होतं, लघवीही तुंबू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांत व्हेरापामिल यासाठी ओळखलं जातं. उलटी थांबवणारं ऑन्डॅन्सेट्रॉन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, साखर-वजनासाठीचं सेमाग्लुटाइड हेही यादीत धरा.

आणि ड जीवनसत्त्वाचं पाकीट. ६०,००० युनिटचं पाकीट साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. चिठ्ठी नीट न वाचता ते रोज घेतलं जातं, कधी महिनोन्‌महिने. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं: पोट अडतं, तहान आणि लघवी वाढते, मळमळ होते, म्हातारी माणसं गोंधळल्यासारखी बोलतात. असं असेल तर जुलाबाची गोळी नको, कॅल्शियमची रक्ततपासणी हवी.

यातलं कुठलंही औषध परस्पर बंद करू नका. पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा, पर्याय बहुतेक वेळा असतो.

खामल्याची_सून
केमिस्ट दादा, सासूबाईंच्या वयाच्या बायका म्हणतात, रोज सकाळी झालंच पाहिजे, नाहीतर विष चढतं. नियम नक्की काय आहे?

वॉर्डातली_सिस्टर
ताई, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पल्ला निरोगी माणसांत सापडतो. एक दिवस चुकला म्हणून विष चढत नाही. मोजायचं ते तुमच्या नेहमीच्या सवयीशी. रोज होणाऱ्याला चार दिवस नाही झालं तर तो बदल आहे, दिवसाआड होणाऱ्याला दोन दिवस म्हणजे काहीच नाही. मळाचं रूपही बघा. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे किंवा गाठीगाठींचा जाड कडक तुकडा म्हणजे बद्धकोष्ठता. मऊ, लांबट आणि न कुंथता होत असेल तर दोन दिवसांनी झालं तरी ठीकच आहे.

आणखी एक. जुलाब-उलट्या होऊन गेल्यावर आतडं रिकामं असतं. पुढचे दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर ते अडलेलं नाही, भरायला वेळ लागतोय. त्यातच जुलाब थांबवायची लोपेरामाइड सुरू राहिली असेल तर आणखी उशीर होतो. तिथे पोट साफ करायची गोळी घेऊन पुन्हा पोट बिघडवू नका.

महाल_वैद्य
आमच्याकडचं सांगतो. रात्री कोमट पाण्यासोबत त्रिफळा चूर्ण अर्धा ते एक चमचा, हे सौम्य काम. एरंडेल हे तीव्र काम. ते दोन ते सहा तासांत पोट झाडून काढतं, म्हणून गरोदर बाई, अशक्त म्हातारा, ताप असलेला माणूस यांना देऊ नये. दर रविवारी घरादाराला एरंडेल पाजायची जुनी रीत होती. निरोगी पोटाला त्याची गरज नाही. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, डब्यावरचे घटक वाचा. आणि घटक न लिहिलेल्या पुड्या घेऊ नका. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिशाच्या विषबाधेत पोटात कळा आणि बद्धकोष्ठता हीच लक्षणं असतात.

इतवारी_केमिस्ट
वैद्यबुवांशी बहुतेक सहमत. पण सोनामुखी आणि बिसाकोडिल (पोट साफ करायची गोळी) यांनी आतडं कायमचं निकामी होतं ही भीती अवास्तव आहे. योग्य मात्रेत थोड्या दिवसांसाठी घेतली तर चालतात. रोजच लागायला लागली तर गोळीला दोष न देता कारण शोधा.

मात्रा लिहून ठेवतो, मोठ्या माणसांसाठी. इसबगोल: एक ते दोन चमचे, म्हणजे ५ ते १० ग्रॅम, एक मोठा पेला पाण्यात. ढवळल्याबरोबर पिऊन टाका, घट्ट होऊ देऊ नका, वर आणखी एक पेला पाणी. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. परिणाम १२ ते ७२ तासांत, म्हणजे "काल घेतलं, आज काही नाही" ही तक्रार घाईची. गिळायला त्रास असणाऱ्याने घेऊच नये. इतर गोळ्यांपासून दोन तास अंतर, थायरॉइडच्या गोळीपासून चार. लॅक्टुलोज: १५ ते ३० मिली, एक-दोन दिवस लागतात, वायू होतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर: १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात रोज एकदा, एक ते तीन दिवसांत गुण. बिसाकोडिल: रात्री ५ मिग्रॅ, गरज पडली तर १०, सकाळपर्यंत काम होतं. गोळी चावू नका, दूध किंवा अँटासिडसोबत घेऊ नका, तिचा थर पोटात लवकर विरघळून कळ येते. किडनीचा आजार असेल तर मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि फॉस्फेटचा एनिमा घरच्या घरी नको.

काटोल_रोड
इसबगोल घेऊन पोट आणखी जड काऊन होते? अशी तक्रार लय जण करून राहिले.

वॉर्डातली_सिस्टर
दोन कारणं. एक, पाणी कमी. दुसरं, खाली गुदाशयात आधीच कडक गोळा अडकलेला असतो, वरून इसबगोलने आणखी भर घातली जाते. दार बंद असताना मागून गर्दी वाढवल्यासारखं होतं. आधी खालचा गोळा ग्लिसरीन किंवा बिसाकोडिलच्या सपोसिटरीने, म्हणजे गुदद्वारात ठेवायच्या वडीने, सुटायला हवा, किंवा दवाखान्यात एनिमाने. मग तंतू.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हा भाग नीट वाचा. आठ दिवस काही झालेलं नाही, आणि मग अचानक पातळ पाण्यासारखं अंथरुणातच होऊ लागलं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि लोपेरामाइड देतात. प्रत्यक्षात मोठा गोळा अडकून त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. जेवण कमी होतं, लघवी तुंबते, माणूस बडबडायला लागतो. बोटाने तपासल्यावर लगेच कळतं. ते डॉक्टर-नर्सचं काम आहे, घरी टोकरू नका. अशा माणसाला तेलकट लिक्विड पॅराफिन तोंडाने पाजणंही धोक्याचं, ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं.

उकिडवे_बसा
बसण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. कमोडवर बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर यायला हवेत. सात ते नऊ इंच उंचीचं छोटं स्टूल पायाखाली घ्या, थोडं पुढे वाका, कोपरं मांडीवर, पोट सैल सोडा. गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर भारतीय संडास सुटून कमोड आला, तर तेही "काय बदललं" याचं उत्तर असू शकतं.

वेळ: नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं, तो फायदा घ्या. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. मोबाइल बाहेर. आलेली जाणीव दाबू नका. रेल्वेच्या लांब प्रवासात, लग्नघरात, शाळेत लोक ती दाबतात. थोड्या वेळाने जाणीव जाते पण मळ तिथेच राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जातं.

बाळगुटी
लहान मुलांचं स्वतंत्र लिहायला हवं. सहा आठवड्यांच्या पुढचं फक्त अंगावर पिणारं बाळ आठवडाभरही शी न करता मजेत राहू शकतं. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल तर काळजी नाही. पण जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नाही, तर बाळाला तपासलंच पाहिजे, आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशी नसण्याचा जन्मजात दोष असू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंनी होणाऱ्या बॉट्युलिझममध्ये पहिलं लक्षण बद्धकोष्ठता असू शकतं, मग रडणं क्षीण होतं, मान आणि अंग ढिलं पडतं. असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त दिसतं ते जादा दूध. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की जेवण कमी होतं. एकदा खडा होऊन चीर पडली की मूल दुखण्याच्या भीतीने धरून ठेवतं, पाय आवळून कोपऱ्यात उभं राहतं. मोठ्यांना वाटतं ते जोर लावतंय. चड्डी खराब होत असेल तर रागावू नका, ती वर सिस्टरने सांगितलेलीच झिरप आहे. औषध वजनावर ठरतं आणि बरेचदा काही महिने चालू ठेवावं लागतं. चार दिवसांत बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

मेडिकल_चौक
फार चांगलं चाललंय. गरोदरपणाचं कुणी सांगेल का? आणि शस्त्रक्रिया विभागातलं कुणी असेल तर धोक्याच्या लक्षणांचं.

वॉर्डातली_सिस्टर
गरोदरपणात संप्रेरकांनी आतडं संथ होतं, वर लोह-कॅल्शियम सुरू असतं. इसबगोल आणि लॅक्टुलोज चालतं, एरंडेल नाही. लोहाची गोळी मनाने सोडू नका, डॉक्टर क्षार किंवा घ्यायची पद्धत बदलून देतात.

रात्रपाळी_सर्जरी
मुख्य मुद्दा लिहितो. पोट साफ होत नसतानाही वायू सरत असेल, पोट मऊ असेल, जेवण जात असेल, तर वेळ आहे. वायूही बंद झाला, पोट फुगून ताठ झालं, कळा येऊन-जाऊन वाढत चालल्या आणि उलट्या लागल्या, तर आतडं अडलंय असं धरूनच चालायचं. उलटी आधी अन्नाची, मग हिरवट, शेवटी मळासारख्या वासाची. कळा थांबून पोट सततच दुखायला लागलं, हात लावू देईना, ताप आला, तर आतड्याचा रक्तपुरवठा जात असू शकतो. तिथे तास मोजायचे असतात.

अशा वेळी तोंडाने काही देऊ नका. जुलाबाची गोळी नाही, एरंडेल नाही, घरी एनिमा नाही, पोट चोळणं नाही. अडलेल्या आतड्याला जोराने ढकललं तर ते फाटू शकतं. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, गाडी नसेल तर १०८ लावा. जुनी चिठ्ठी, सुरू असलेल्या गोळ्या आणि आधीच्या ऑपरेशनचा कागद सोबत घ्या. पोटावर जुना टाका असेल तर आतडी एकमेकांना चिकटून अडण्याची शक्यता डॉक्टर आधी बघतात. जांघेत किंवा बेंबीपाशी गाठ आहे, एरवी आडवं झालं की आत जायची, आज जात नाही आणि दुखते, तर तो अडकलेला हर्निया. बाई असो की पुरुष, जांघ उघडून बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. लाजेपायी रुग्ण सांगत नाही, म्हणून घरच्यांनी विचारावं.

आणखी एक फसवं चित्र: वरच्या भागात आतडं अडलं तरी त्याच्या खाली जमलेला मळ एक-दोनदा बाहेर येतो. "झाली, आता सुटलं" म्हणून घरी थांबू नका, उलट्या आणि कळा सुरूच आहेत का ते बघा.

आणि पोटाबाहेरचं कारण. कंबर दुखतेय, दोन्ही पाय बधिर किंवा अशक्त, बसण्याच्या जागी स्पर्श कळत नाही, लघवी अडली आणि शौचही. हा मणक्यातल्या नसांवरचा दाब आहे. त्याच दिवशी, त्याच तासात जा.

काटोल_रोड
मंग मूळ प्रश्न तं राह्यलाच जी. किती दिवस थांबायचं?

रात्रपाळी_सर्जरी
वर लिहिलेल्यातलं एकही लक्षण असेल तर शून्य दिवस. काहीच नसेल तर तीन-चार दिवस घरचे उपाय, पाणी, चोथा, बसणं, गरज पडली तर एक औषध. आठवडा झाला तरी नाही तर डॉक्टर. मळातून रक्त, न ठरवता घटलेलं वजन, कमी झालेलं हिमोग्लोबिन, किंवा घरात आई-वडील-भावंडांना आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर वाट न पाहता वेळ घ्या.

पंचेचाळिशीच्या पुढे शौचाची सवय नव्याने बदलली आणि तीन आठवडे तशीच राहिली, तर औषधाने बरं वाटत असलं तरी तपासणी हवी. मळ सतत बारीक पडतोय, झाल्यावरही अर्धवट वाटतंय, हे सांगायला विसरू नका. रक्त दिसलं की "मूळव्याधच आहे" असं स्वतः ठरवू नका. मूळव्याध आणि कर्करोगाची गाठ दोन्ही एकाच माणसात असू शकतात. बोटाने तपासणी दोन मिनिटांची असते, आणि गुदाशयातली खालची गाठ तिथेच हाताला लागू शकते. पुढे लागली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी.

खामल्याची_सून
आणि रक्ताच्या तपासण्या कोणत्या करायला सांगतात?

रात्रपाळी_सर्जरी
सरसकट मोठं पॅकेज करू नका. साधारणपणे हिमोग्राम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, कॅल्शियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एवढ्यात काम होतं. थायरॉइड मंदावला असेल तर पोटासोबत थकवा, थंडी सोसवत नाही, कोरडी त्वचा, वाढतं वजन असं चित्र असतं. जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा मंदावतात. म्हाताऱ्या माणसात पोट अडण्याबरोबर हात थरथरणं, चाल संथ होणं, वास न येणं असेल तर पार्किन्सनचा विचार करायला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. टीएसएचसाठी रक्त देणार असाल तर बायोटिनची, म्हणजे केसांसाठीची गोळी निदान दोन दिवस आधी थांबवा, तिने आकडा चुकीचा येऊ शकतो.